चेतनाचा दुसरा शनिवार

…तर काल चहा आला आणि गोष्ट तिथंच राहून गेली. चेतना रॅकच्या मागे उकिडवी बसली होती, छोटी बॅटरी दातांत धरून. समोर जे दिसलं ते पाहून ती बॅटरी तोंडातून निसटली आणि फरशीवर टणकन पडली. दोन स्विच, दोन विजेच्या तारा, आणि दोन्ही तारा प्लगांच्या एकाच पट्टीत खोचलेल्या!

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागून येऊ. घाई कोणाला आहे?

चेतना मेश्राम म्हणजे रायपूरजवळच्या बीरगांवच्या तुळशीराम मेश्रामांची धाकटी. तुळशीराम रेल्वेत सांधेवाले होते. रायपूरच्या यार्डात चौतीस वर्षं त्यांनी गाड्यांना या रुळावरून त्या रुळावर वळवलं आणि एकाही डब्याला खरचटू दिलं नाही. शिक्षण सातवीपर्यंत, तेही आमगावकडच्या शाळेत, जिथं नाल्याला पाणी आलं की गुरुजी पलीकडच्या काठावरून हात हलवून सुट्टी जाहीर करायचे. पण माणसाला डायरी लिहायची सवय. कोणती गाडी कधी आली, कोणता सांधा कडक झाला, सगळं त्यात. आणि दर आठवड्याला एक ओळ ठरलेली: ‘आज कडेच्या लाईनवर रिकामं इंजिन फिरवलं.’

चेतना लहान असताना ती ओळ वाचायची आणि हसायची. एकदा विचारलंच, “बाबा, त्या लाईनवर गाडीच येत नाही, मग इंजिन काहून फिरवता?”

“गंज चढते, बेटा,” तुळशीराम म्हणाले. “रुळावर गंज चढला का त्याच्यावर गाडी उभी असली तरी केबिनीतला दिवा सांगते, लाईन रिकामी आहे. मंग तू दुसरी गाडी सोडशीन. अन मंग?”

त्या ‘अन मंग’चं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. पोरीच्या डोक्यात मात्र ते कायमचं बसलं.

पोरगी मोठी झाली, कॉम्प्युटर शिकली, आणि रायपुरातच पंडरीच्या पुढं एका मोठ्या खाजगी इस्पितळात सर्व्हर सांभाळायला लागली. नोकरी कराराची. दर डिसेंबरात कागद नवा व्हायचा, तेव्हा पुढचं वर्ष.

आता तिचं काम काय, ते ऐका, कारण सगळी मौज त्यातच आहे. इस्पितळात येणाऱ्या प्रत्येक माणसाचं सगळं, रक्ताचा रिपोर्ट, एक्स-रे, कोणाला कोणती गोळी सोसत नाही, हे एका लोखंडी कपाटातल्या डिस्कांवर लिहिलेलं असतं. युनिक्सवर चालणारा सर्व्हर वेगळा, कपाट वेगळं. मधे वाट. एकच वाट ठेवली आणि ती तुटली तर डॉक्टरांसमोरचा कॉम्प्युटरचा पडदा कोरा. म्हणून वाटा दोन: दोन नारिंगी तारा, आणि प्रत्येक तारेच्या वाटेत एक स्विच, आपल्या यार्डातल्या सांध्यासारखा. पण गंमत अशी की सर्व्हर बिचारा भोळा. दोन वाटांनी तेच कपाट दिसलं की त्याला वाटतं कपाटं दोन आहेत. एकच पाहुणा पुढच्या दारानं दिसला, मागच्या दारानं दिसला, आणि यजमानानं दोन ताटं वाढली, तसं. त्याला समजावून सांगायला मल्टिपाथ नावाचा प्रोग्राम असतो. तो म्हणतो, बाबा रे, कपाट एकच, वाटा दोन. ही बंद पडली तर तिकडून जा, आणि कोणाला कळू देऊ नको.

हे बहुतेक इस्पितळांत असतं. एकदा जोडतात आणि विसरतात. चेतना विसरली नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, बरोबर अकरा वाजता, नोंदणीच्या खिडक्यांवर गर्दी असताना, ती आपल्या हातानं एक तार उपसायची. पडद्यावर त्या वाटेपुढं ‘फेल’ उमटायचं, काम दुसऱ्या वाटेनं चालू राहायचं. दहा मिनिटं पाहायची, तार परत लावायची, वाट जागी झाली याची खात्री करायची, मग दुसरी उपसायची. आणि डायरीत ओळ लिहायची. दिवसाउजेडी काहून? तर म्हणे, सगळे जागे असताना बिघडलेलं बरं.

दीड वर्ष हे सुरळीत चाललं. नोव्हेंबरात मात्र माशी शिंकली. नव्यानं जोडलेल्या एका डिस्कला ‘वाट मेली असं केव्हा समजायचं’ ही मुदत जुनीच राहिली होती. तार उपसली आणि तीस सेकंद सगळ्या खिडक्यांवरचे पडदे गोठले. तीस सेकंद म्हणजे काय ते रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारा. चेतनानं ती मुदत त्याच दिवशी पाच सेकंदांवर आणली, पण तोवर बोंब वरपर्यंत गेली होती.

वर म्हणजे अच्युत सबनीस. इस्पितळाचे प्रशासक, नुकतेच आलेले, राहणार चौबे कॉलोनी. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगडात आले, आणि हे ऐकल्याशिवाय त्यांच्या केबिनमधून कोणी सुटत नसे. माणूस वाईट नव्हता. पण त्या तीस सेकंदांत तीन नंबरच्या खिडकीवरच्या एका आजीबाईंनी त्यांना जे सुनावलं होतं, ते त्यांच्या फौजेतल्या पूर्वजांनाही कोणी सुनावलं नसेल.

“चालत्या सायकलची चेन काढून पाहता का तुम्ही?” ते चेतनाला म्हणाले. “चालू आहे ना? मग हात लावायचा नाही.” आणि तसा लेखी हुकूमच काढला: परवानगीशिवाय कोणतीही वाट बंद करू नये.

चेतनानं सही केली आणि दुसऱ्या दिवशी घरी बाबांना सगळं सांगितलं. तो रविवार होता. तुळशीराम अंगणात मुगाच्या शेंगा सोलत होते.

“दोन लाईनी हायेत म्हणतेस,” ते म्हणाले. “दोन सांधे. बरं. अन ते सांधे ओढणारी केबिन? ते एकच का दोन?”

“म्हणजे?”

“अवं, आमच्याकडं एक डाव झालं होतं तसं. लाईनी चार, पण साऱ्याइचे खटके एकाच केबिनीत. केबिनीची बत्ती गेली, चारी लाईनी गेल्या. तू तारा उपसून पाहते. पण त्या सांध्याची बत्ती कोठून येते, हे पाहिलं का कधी?”

चेतनानं पाहिलं नव्हतं. रॅक बसवला तेव्हा पाहिलं होतं तेवढंच: एका स्विचची वीज उजव्या पट्टीतून, ती पहिल्या यूपीएसवर, दुसऱ्याची डाव्या पट्टीतून, ती दुसऱ्या यूपीएसवर. ते काय हलतं थोडंच?

सोमवारी ती बॅटरी दातांत धरून रॅकच्या मागे गेली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. दोन्ही तारा उजव्या पट्टीत. म्हणजे पहिला यूपीएस बसला की दोन्ही स्विच बसणार, दोन्ही वाटा एका क्षणात जाणार, आणि मल्टिपाथ बिचारा दोन्ही दारं ठोठावत राहणार.

तिनं इस्पितळाचा इलेक्ट्रिशियन राकेश साहू याला हाक मारली. राकेश चाळिशीचा, मिशीवाला, सगळ्या इस्पितळाची वायरिंग तोंडपाठ. त्यानं वाकून पाहिलं, आणि वर चेतनाकडं पाहिलं, आणि हसू दाबलं.

“दीदी, ये तो आपही ने निकाला था.”

“मी? कधी?”

“विसकर्मा पूजा के दिन. झालर लगानी थी ना रॅक पे.”

आणि चेतनाला सगळं आठवलं. सतरा सप्टेंबर. बीरगांव-उरल्याच्या कारखान्यांत त्या दिवशी यंत्रांना हार घालतात, मग इस्पितळातल्या यंत्रांनी काय घोडं मारलंय, म्हणून राकेशनं जनरेटरपासून सर्व्हरपर्यंत सगळ्यांना हार घातले होते. रॅकवर दिव्यांची माळ सोडायची होती, तिची तार डाव्या पट्टीपर्यंतच पोचत होती आणि ती पट्टी भरलेली. चेतनाच्या घरी ही पूजा नाही, पण राकेशचं मन मोडायला नको म्हणून तिनंच स्वतःच्या हातानं दुसऱ्या स्विचची तार डाव्या पट्टीतून काढून उजवीत घातली. त्या मिनिटभरात एक वाट पडली आणि उठली, काम कुठंच थांबलं नाही. “बघ राकेश भैया, कोणाला पत्ता लागला का?” असं वर ऐटीत म्हणालीही होती! संध्याकाळी माळ निघाली. तार तिथंच राहिली. त्यानंतर दोन दुसरे शनिवार तिनं तारा उपसल्या, आणि दोन्ही वेळा डायरीत लिहिलं: ‘दोन्ही वाटा ठीक.’

“मैं अभी बदल देता हूं,” राकेश म्हणाला. “दो मिनट. कोन देखत हे?”

खरंच कोण पाहत होतं? पण तार बदलायची म्हणजे तो स्विच मिनिटभर बंद होणार. स्विच बंद म्हणजे एक वाट बंद. आणि वाट बंद करायची नाही, असा लेखी हुकूम. गुपचूप केलं तर कोणालाच कळणार नाही, चुकीचाही मागमूस उरणार नाही. विचारायला गेलं तर सांगावं लागणार की चूक कोणाची. आणि डिसेंबरचा कराराचा कागद सहीसाठी आधीच त्याच सबनीसांच्या टेबलावर.

 चेतना उठली, ओढणीची धूळ झटकली आणि जिना चढली.

“सर, दोन वाटा आहेत असं मी तुम्हाला सांगत होते. सप्टेंबरपासून एकच आहे.”

सबनीसांनी चष्मा काढला. “कोणी केलं?”

“मीच.”

तिनं माळेपासून सगळं सांगितलं.  फौजेची गोष्ट त्या दिवशी निघाली नाही.

“तुमचा कागद माझ्याकडं आहे, माहीत आहे ना?”

“हो सर. म्हणून चिठ्ठी नाही पाठवली, स्वतः आले.”

“राकेशकडून गुपचूप करून घेता आलं असतं.”

“मग डायरीत काय लिहिलं असतं, सर?”

 सबनीसांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. “ठीक. शनिवारी अकराला करा. मी स्वतः तीन नंबरच्या खिडकीवर उभा राहतो. पण एक जरी पडदा गोठला ना, चेतना मॅडम, तर तो कागद सही न होता परत जाईल. आधीच सांगून ठेवतो.”

शनिवारी खिडक्यांवर माणसंच माणसं. सबनीस तीन नंबरवर उभे, कर्मचाऱ्याच्या खांद्यावरून पडद्याकडं डोळे लावून. नाव टाइप झालं, वय टाइप झालं, पावती निघाली. दुसरा माणूस, तिसरा माणूस. सबनीसांच्या कपाळावर घाम. अकरा वाजून सहा मिनिटं झाली तेव्हा त्यांना राहवेना. खाली फोन लावला.

“अहो, केव्हा बंद करणार? मला मीटिंग आहे!”

“बंद करून चार मिनिटं झाली, सर,” चेतना म्हणाली. “तार डाव्या पट्टीत गेली. आता स्विच उठतो आहे.”

सबनीसांनी पडद्याकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडं.

“अजून आहे, सर. ही वाट जागी झाली की मी अख्खी उजवी पट्टीच बंद करणार. फक्त तार नाही, केबिनच. उभे राहा.”

ते उभे राहिले. मीटिंग विसरले. पाच मिनिटांनी खाली पट्टी बंद झाली, वर पडदा पापणी लवावी इतका थांबला, आणि एका म्हाताऱ्या शेतमजुराचा जुना एक्स-रे जसाच्या तसा उघडला. त्या म्हाताऱ्याला काय ठाऊक! त्यानं विचारलं, “कुठल्या खोलीत जाऊ?” आणि सबनीस स्वतः त्याला खोलीपर्यंत सोडून आले.

मग ते सर्व्हर-रूममध्ये उतरले. चेतना डायरीत लिहीत होती. त्यांनी वाकून वाचलं: ‘१७ सप्टेंबरपासून दुसऱ्या स्विचची वीज चुकीच्या पट्टीत. चूक माझी. आज दुरुस्त. पट्टी बंद करून पाहिली, दोन्ही वाटा ठीक.’ खाली सही. शेजारी राकेश उभा, हात मागे बांधून, जणू त्याचीच परीक्षा होती.

सबनीसांनी खिशातून दोन कागद काढून कीबोर्डवर ठेवले. एक करार, सही झालेला. दुसरा तो हुकूम.

“कराराचं झालं,” ते म्हणाले. “आता हा हुकूम. तुमची खात्री झाली, माझीही झाली. मग आता दर महिन्याची ही उपसाउपसी कशाला? राहू दे ना हुकूम, काय हरकत आहे?”

चेतनानं डायरी मिटली, करार उचलला, आणि हुकूम हळूच त्यांच्याकडं सरकवला.

“हरकत आहे, सर. आज झाली ती आजची खात्री. पुढच्या दुसऱ्या शनिवारी अकराले पुन्हा तीन नंबरवर या, पुढची खात्री तवाच देईन.”