गौरम्माच्या जबड्यातलं हाड

उदगीरच्या गौरम्माला वरच्या दाढा नव्हत्या, पण हट्ट पुरा बत्तीस दातांचा होता. दाढा पडल्या तेव्हाच तिचा नवरा, कापडदुकानदार गुरुपादप्पा, लातूरला चल म्हणत होता. ती म्हणायची, "आपला उदगीर जिल्हा होनार हाय म्हनं. मोठे डाक्टर दारात येतील, तवा बघू."

जिल्हा काही झाला नाही. आठ वर्षं ती दूधभाकरीचा काला खात राहिली. तिला एकटं वाटू नये म्हणून धडधाकट दातांचा गुरुपादप्पाही कालाच खायचा. कडक भाकरी आणि ठेच्यावर जीव टाकणारा माणूस! हे तिला फार लागायचं. शेवटी, ऐन दुष्काळात, त्याच्यासाठी ती लातूरला आली. चूळ भरायचं पाणी घरून आणा, असं दवाखान्याने बजावलं होतं. पिशवीत दोन बाटल्या होत्या.

तरुण डॉक्टरीणबाईंनी जबड्याचा एक्स-रे फोटो दाखवला. "मावशी, इतकी वर्षं दाढा नाहीत, म्हणून वरचं हाड झिजलंय. नाकाशेजारची पोकळी खाली आलीय. तिथे हाडाची भुकटी भरू. सहा महिन्यांत ती पक्की झाली की दाढा बसवू."

"कशाच्या हाडाची?"

"गाईच्या. अगदी शुद्ध केलेली असते."

गौरम्माचा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला. जिच्या घरात कधी अंडं फुटलं नाही, तिच्या तोंडात गाईचं हाड! ती उठलीच.

"माणसाचंही मिळतं, दान केलेलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आमच्या लिंगायतांत मेल्यावर जाळत न्हाईत, माय. बसवून मातीत ठिवत्यात. तवा परक्याचं हाड संगं न्यायचं का मी?"

चार माणसांत कधी तोंड न उघडणारा गुरुपादप्पा खाकरला. "माझं घ्या की. हनुवटीचं घ्या, न्हाईतर कमरंचं. लई हाय."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "काका, तसं करत नाहीत. मावशींच्याच जबड्यातलं थोडं खरवडून घेऊ. त्यात कारखान्यात बनवलेली भुकटी मिसळू. तिच्यात कुठल्याच जीवाचं काही नसतं."

गौरम्माचा जीव भांड्यात पडला. ती परत खुर्चीत बसली, संमतीच्या कागदावर सावकाश सही केली. नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "ह्यांचं मातर चाललं असतं बगा मला. मातीत सोबत झाली असती."