तीन कोरडे घास आणि एक निळा शिक्का

परवा सकाळी नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एका बाईचा फोटो आला. खाली लिहिलेलं… ही घरात शिरून चोरी करते, सगळ्यांना पाठवा. नात पाठवणारच होती, मी म्हटलं, थांब. हे कोणी डोळ्यांनी पाहिलंय?

"आजी, तू वकील कधी झालीस?" वकील नाही गं… आरोपी झाले होते एकदा. तेच सांगतेय. मला अक्षर येत नाही, म्हणून टाइप तीच करतेय. चुका तिच्या.

मध्य भारत हे जुनं राज्य जाऊन नवं राज्य झालं, राजधानी भोपाळ झाली, तेव्हाची गोष्ट. माझ्या लग्नाला दोन महिने झालेले. आमचे हे सरकारी ऑफिसात क्लार्क, त्यांची बदली भोपाळला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघायचं… आणि दुपारी कळलं, बदलीचा हुकूमच सापडत नाही!

कागद नाही तर तिकडे हजर करून घेणार नाहीत. नक्कल मागावी, तर इथलं ऑफिसच पेट्यांत बांधलेलं. यांचा चेहरा पांढराफटक.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चूल पेटवायला रद्दी मीच घ्यायची ना… "हिनंच जाळला. नवऱ्यानं भोपाळला जाऊ नये म्हणून जाळला!" खरं सांगते, क्षणभर मलाच वाटलं, जाळला की काय.

मग त्यांनी तांदूळ काढले. तेव्हा चोर असा धरायचे… मंतरलेले कोरडे तांदूळ चावायला द्यायचे, ज्याच्या तोंडातून कोरडेच बाहेर येतील तो चोर. माझे कोरडे निघाले, तर संध्याकाळच्या देवासच्या बसमध्ये बसवून माहेरी पाठवणार. कायमची.

माझी जीभ तर आधीच टाळ्याला चिकटलेली.

तेवढ्यात काका आले, सासऱ्यांचे धाकटे भाऊ. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. त्या दिवसांत काखेत चीनच्या जुन्या विचारवंतांवरचं एक जाडजूड पुस्तक असायचं, आणि जेवताना आम्हाला भाजीबरोबर तेच वाढायचे.

"वहिनी, थांबा. चीनमध्ये दोन हजार वर्षांमागे काही पंडित होते, कारागिरांच्या डोक्याचे. सुतार गुण्या लावून लाकडाचा काटकोन तपासतो, तसे ते माणसाचं बोलणं तपासायचे. तीन सवाल विचारून."

"भावजी, चीनवाल्यांना आपल्या घरातलं काय मालूम?"

काका हटले नाहीत. पहिला सवाल, या बोलण्याला जुन्या शहाण्यांचा आधार आहे का? दुसरा, लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं का? तिसरा, ते खरं धरून वागलं तर लोकांचं भलं होईल का?

"आधार आहे की! माझ्या सासूबाईंनी तांदळानंच चोर धरला होता." सासूबाईंनी पहिला पेपर असा पास केला…

"बरं," काका म्हणाले, "मग सगळ्यांनाच द्या. आधी तुम्ही."

त्यांनी तोऱ्यात चिमूटभर तांदूळ चावून हातावर काढले. कोरडे ठणठणीत! यांचे कोरडे. माझेही कोरडे.

"एका कागदाला तीन चोर? वहिनी, भीतीनं तोंडाला कोरड पडते. तुम्हाला मुलाच्या नोकरीची भीती, हिला तुमची." मग काका माझ्याकडे वळले. "सूनबाई, दुसरा सवाल तुला. तू काय पाहिलंस?"

दोन महिन्यांत त्या घरात मला हे कोणी विचारलं नव्हतं. जिला वाचता येत नाही, तिला काय दिसणार…

पाहिलं तर होतं. पण सांगायचं म्हणजे सासूबाईंचंच नाव घ्यायचं. मी पदर घट्ट धरला. समोर ती देवासची बस दिसत होती.

"फडताळात दोन लिफाफे होते… त्यातला एक कागद आईंनी आलेली लग्नपत्रिका समजून कुंकू लावून देवापुढे ठेवला. पण त्याच्यावर गणपती नव्हता. निळा गोल शिक्का होता."

आमच्याकडे आलेली पत्रिका आधी देवापुढे ठेवायची रीत. आणि सासूबाईही माझ्यासारख्याच, अक्षरशत्रू! काका सरळ देवघरात गेले… आणि देवाच्या पाटाखाली सरकलेला, कुंकवानं माखलेला हुकूम घेऊन आले. खरी पत्रिका फडताळातच होती.

सासूबाई हुकमावरचं कुंकू पदरानं पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "चहा टाक गं… नाही, राहू दे, मीच टाकते." माफी मागायची त्यांची तीच पद्धत.

पुढे कधीतरी मी काकांना चिडवलं, तुमचं काही म्हणा, तांदळानं चोर बरोबर पकडला होता, आईंचेच आधी कोरडे निघाले! काका असे भडकले… "वाट चुकून घरी पोचलं, म्हणून ती वाट बरोबर होत नाही!"

तर परवा नातीनं ग्रुपवर विचारलं, कोणी पाहिलं? मग एकजण म्हणाले, मलाही दुसऱ्याकडूनच आलंय.

काका जाऊन खूप वर्षं झाली. तो दुसरा सवाल त्यांनी मला विचारला, म्हणून मी त्या घरात राहिले, आणि म्हणून ही नात आहे. फोटोतली ती बाई कोण, चोर आहे की नाही, मला ठाऊक नाही… पण तिच्या तोंडाला आत्ता कोरड पडली असेल, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.