घाबरायचं राहून गेलं

आमच्या भाऊजींइतका भित्रा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. माझ्या मोठ्या बहिणीचा हा नवरा रसायनशास्त्रातला डॉक्टर. आधी विद्यापीठात शिकवलं, मग एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत साहेब झाले, शेवटी दिल्लीत सरकारला विज्ञानातलं काय चालेल आणि काय नाही हे सांगणाऱ्या समितीवर बसले. एवढं सगळं करून निवृत्तीनंतर ताईच्या हट्टाने तिरोड्याला राहायला आले, ते भीतीचं गाठोडं काखेत मारूनच. माझी तिरोड्यात राहत्या घरातच खानावळ आहे. रोज दुपारी ते जेवायला येत. कुकर चढलेला दिसला की अंगणात थांबत आणि शेवटची शिट्टी होऊन वाफ जिरेपर्यंत उंबरा ओलांडत नसत. हळद पाण्यात टाकून बघत, पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरत. माझ्या हाताखाली चिचगडची शेवंता आहे, ती तोंडावर विचारायची, "भाऊजी, तुमी वरणालेबी भेता का जी?" ते शांतपणे म्हणायचे, "वरणाला नाही. वरणात काय पडलंय ते मला माहीत नाही, त्याला भितो."

हे म्हातारपणाचं खूळ नव्हतं. ताई सांगते, विद्यापीठात तोंडी परीक्षेला ते पोरांना पहिला प्रश्न विचारत, "आत्ता इथे आग लागली तर कुठल्या दाराने पळाल?" ज्याला दार ठाऊक नाही तो नापास, मग त्याला अख्खं रसायनशास्त्र पाठ का असेना. कंपनीत बैठकीला दाराजवळची खुर्ची मिळावी म्हणून अर्धा तास आधी जाऊन बसत. दिल्लीत तर प्रत्येक फाइलवर एकच शेरा, 'आणखी अभ्यास व्हावा.' साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, फाइल तीच आणि शेराही तोच. एकदा आम्ही त्यांना नागझिऱ्याला नेलं. वाघीण रस्त्यावर येऊन उभी राहिली. जीपमधले सगळे श्वास रोखून बसले आणि हे निवांत चष्मा पुसत होते. मी विचारलं, "भाऊजी, वाघाची भीती नाही वाटत?" म्हणाले, "तिला पट्टे आहेत. दिसते तरी. मला न दिसणाऱ्याची भीती वाटते."

आम्ही हसलो. अशा माणसाला कोणी काही विचारत नाही, कारण उत्तर आधीच माहीत असतं. मीही विचारलं नाही. तीच माझी चूक.

माझ्या खानावळीत तांदळाची पोती कोठीच्या खोलीत असतात. आई तांदळात कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवायची. गेल्या पावसाळ्यात किडे फार झाले, म्हणून मी दुकानातून धान्यात ठेवायच्या गोळ्या आणल्या आणि आईसारखंच केलं. तसंच फडकं, तशीच पुरचुंडी, पोत्यापोत्यांच्या मधे एकेक. कोठीला लागून सासूबाईंची खोली. मधली भिंत कौलांपर्यंत पोचत नाही, वर हातभर मोकळं आहे. घर बांधलं तेव्हापासून तसंच आहे, कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक पांगलं होतं. सासूबाई आत झोपल्या होत्या. शेवंता ताटं घासत होती. भाऊजी आले, दारात थांबले, नाक वर केलं.

"आज मासे केलेत?"

बोदलकशाच्या तलावातले मासे माझ्याकडे बुधवारी असतात, भरपूर लसूण घालून. तो वास मलाही सकाळपासून येत होता. कालचाच राहिला असेल, असं मी समजले होते.

"आज गुरुवार, भाऊजी. आज मासे कुठले?"

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "कोठीत काय ठेवलंयस?"

मी सांगितलं.

हा माणूस ओरडू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. "बाहेर! मासे नाहीत, त्या गोळ्यांचा विषारी वायू आहे तो! दोघी बाहेर व्हा!" मी आत धावले तर त्यांनी मला दंडाला धरून अंगणात ढकललं. आणि कुकरच्या शिट्टीला अंगणात उभा राहणारा तो माणूस छाती भरून श्वास घेऊन स्वतः आत शिरला. आतून आधी खिडक्या आपटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. शेवंता माझा पदर धरून म्हणत होती, "बाई, बुढी बोलत काऊन नाई?"

मग ते आले, सासूबाईंना लहान पोरासारखं उचलून. सासूबाईंची मान लटकत होती. अंगणात वारा लागल्यावर ओकारी झाली, आणि त्यातूनच पुटपुटल्या, "मले कायले उचलून राहिले जी... मी मेली नाई अजून." शेवंता रडता रडता हसली. मला हसता आलं नाही.

सरकारी दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. मी गोळ्यांचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी ते दोनदा विचारून कागदावर लिहून घेतलं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

व्हरांड्यात भाऊजी बाकावर बसले होते. हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि भिंग. मी म्हटलं, "मी वाचलंच नाही हो त्यावरचं."

"वाचता येणारच नाही. मुंगीएवढी अक्षरं आहेत." पाकीट त्यांनी घडी करून खिशात घातलं. "कंपनीत असताना या गोळ्यांचं काम माझ्याकडेच होतं. माणसांच्या घरात त्या काय करतात, ते मला पक्कं माहीत होतं. नंतर दिल्लीत, सूचना केवढ्या अक्षरात छापायच्या याची फाइल माझ्याच समोर आली. एवढी असली तरी चालतील, या कागदावर माझी सही आहे."

"तुम्ही? तुम्ही तर कशावरच सही करत नव्हता."

"त्या दिवशी गावी यायचं होतं. गाडीची वेळ झाली होती." भिंग पुसत म्हणाले, "घाबरायचं राहून गेलं. तेवढं एकदाच."

सासूबाई बऱ्या झाल्या. आता त्या गोळ्या घरात येत नाहीत, पालाच ठेवते. भाऊजी दर बाजाराच्या दिवशी धान्याच्या औषधाच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून बसतात आणि येईल त्याला भिंगातून पाकीट वाचून दाखवतात. दुकानदार वैतागतो, "साहब, धंदा मत खराब करो ना." काही जण ऐकतात, बरेच जण डोक्याजवळ बोट फिरवून पुढे जातात. हल्ली त्यांचा आवाज बसलाय, नजरही अधू झालीय. म्हणून मी एका पुठ्ठ्यावर हातभर अक्षरांत लिहून दिलं : 'ह्या गोळ्या घरात ठेवू नका. माणूस मरतो.' अक्षर चांगलं आलं.

जेवायला रोज येतात. कुकर चढलेला दिसला की अजूनही अंगणातच थांबतात. पूर्वी मी आतून ओरडायचे, "या हो आत, काही होत नाही!" आता ओरडत नाही. गॅस बंद करते आणि वाफ जिरेपर्यंत त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहते.