तात्यांची हाळी

"हा कोण ओरडतोय भरदुपारी?" शेजारच्या काकू त्यांच्या गॅलरीतून म्हणाल्या.

खाली पार्किंगमध्ये माझे तात्या उभे होते. खांद्याला पिशवी, तोंडाशी हात, नजर चौथ्या मजल्यावर. "आशेऽऽ, ए आशेऽऽ!"

काकूंनी मला विचारलं, "तुमच्याकडचे आहेत का?"

"माहीत नाही," म्हणून मी आत सरले.

मिरजगावजवळच्या आमच्या वस्तीवर शेजारचं घर दोन रानं पलीकडे. कुणाकडे जायचं तर बांधावरूनच हाळी द्यायची. न बोलता थेट दाराशी जाऊन उभं राहणं वाईट दिसतं. दोन वर्षांपूर्वी नगरजवळ नागापूरच्या इंग्रजी शाळेतल्या नोकरीसाठी मी निघाले, तेव्हा टेम्पो डांबरीला लागेपर्यंत तात्या मागून ओरडत होते, "पोचली की फोन कर गं." मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

नगरला आमच्या इमारतीत चोवीस कुटुंबं, भिंतीला भिंत. दुपारी दोन ते चार मिक्सर लावायचा नाही, चपला बाहेर काढायच्या नाहीत, दार आपटलं तरी ग्रुपवर मेसेज येतो. आधी मला हा खडूसपणा वाटायचा. मग कळलं, काकूंच्या आजारी सासूबाई माझ्या भिंतीपलीकडेच झोपतात. रानात आवाज विरून जातो. इथे तो कुणाच्या तरी घरात जाऊन पडतो. नियम मला पटले. शाळेत नोकरीला लागल्यापासून हळू बोलायची सवय झालीच होती. पटता पटता मी कधी घाबरायला लागले, ते कळलं नाही.

शेवटी वॉचमनने तात्यांना वर आणलं. "लई झोप लागली हुती व्हय?" ते हसून म्हणाले. मी हो म्हणाले. मग बेल कशी वाजवायची ते दाखवलं आणि सगळे नियम सांगितले.

त्यानंतर दोन दिवस तात्या कुजबुजत बोलले. आईचा फोन आला की बाथरूमचं दार लावून घ्यायचे. बाहेर मला ऐकू यायचं, "हितं मोठ्यानं बोलता येत न्हाई. पोरीला तरास हुतो." भाड्याच्या दोन खोल्या माझं घर व्हाव्यात, म्हणून मी त्यांनाच गप्प केलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना स्टँडवर सोडायला निघाले. लिफ्टमध्ये काकू होत्या. पिशवी छातीशी धरून तात्या कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले. काकू माझ्याकडे बघून हसल्या. दुसरा मजला गेला.

"काकू," मी म्हणाले, "परवा खालून हाक मारत होते ना, ते हेच. माझे वडील. मला तेव्हाच आवाज ओळखू आला होता."