तेल म्हणजे औषध नव्हे

कल्पना करा, कपाटाएवढ्या यंत्राचं दार तुम्ही लावून घेतलंय. आत एक माणूस जवळजवळ उघड्या अंगाने, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून उभा आहे. तुम्ही बटण दाबलं की चारी बाजूंच्या नळ्या निळसर पेटणार. मोजका प्रकाश पडला तर त्वचेतली बिथरलेली प्रतिकारशक्ती शांत होते. जास्त पडला तर तीच त्वचा भाजते. आणि भाजलं की नाही, हे लगेच दिसत नाही.

तनुजा ओव्हाळ हे बटण रोज दाबते. कात्रजहून बसने येते, शेवटचा टप्पा चालत कसबा पेठेतला त्वचेचा दवाखाना गाठते. भौतिकशास्त्र शिकली, म्हणून नळ्यांची तपासणीही तिच्याकडेच.

त्या मंगळवारी आत मांजरी गावचे ज्ञानदेव घुले होते. ऊस पिकवणारे. सोरायसिसने पाठ आणि कोपरं सोललेली, पण आता खपल्या उतरत होत्या.

"काका, काही औषध लावलंय का?"

"न्हाई."

तिने बटण दाबलं. यंत्र तापलं तसा वरच्या जाळीतून उग्र वास आला. बावचीचं तेल! तिची मावशी कोडासाठी लावायची, म्हणून वास ओळखीचा. हे तेल लावलेली कातडी थोड्याशा प्रकाशानेही पोळते. तनुजाने यंत्र बंद करून दार उघडलं.

"काका, तेल लावलंय?"

"लावलंय की. आमच्या मंडळींनी चोळून दिलं. लवकर गुण यावा म्हनून."

"अहो, मी विचारलं होतं ना!"

"तुमी औषधाचं इचारलं. त्याल औषध हाय व्हय?"

तिच्या हाकेसरशी डॉक्टर धावत आले, पाठ पाहिली. "छान. मंडळींनाच इथे डॉक्टर म्हणून बसवू. आम्ही ऊस लावतो."

कोणी हसलं नाही. तनुजाने साबण दिला, तेल धुवायला लावलं, उन्हात जायचं नाही म्हणून बजावलं.

"भाजंल का, ताई?"

"उद्यापर्यंत कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती फोन लावत होती. घुले उचलेनात. जेवणाचा डबा उघडला आणि त्यांचाच फोन आला.

"लाल झालंय. आग व्हतीय. फोड न्हाई."

डॉक्टरांनी मलम सांगितलं, लाली जाईपर्यंत प्रकाश बंद.

"काका, नंतर याल ना?"

"येतो की. तुमी फोन लावत बसला म्हनून. न्हाईतर म्हनलो असतो, मशीनच वंगाळ हाय. आलोच नसतो."

आता तनुजा औषध हा शब्दच काढत नाही. "अंगाला काय काय लावलंय?" असं विचारते. तेल, लेप, हळद, सगळं बाहेर येतं.

पण फोन ठेवल्यापासून तिला दुसरीच माणसं आठवतायत, मध्येच यायची थांबलेली. त्यांनाही तिने औषधाचंच विचारलं होतं. ती माणसं बरी झाली म्हणून आली नाहीत, की भाजली म्हणून?