कॅलेंडरामागचा वाघ

कुसुमला चित्रांची नावं माहीत नसतात. ती त्यांना स्वतःची नावं देते. निळी मांजर, चष्म्याचा उंदीर, टोपीवाली पोरगी, तोंड वाकडं करणारा पिवळा. कोथरूडच्या, बाणेरच्या आयांना मुलांच्या वाढदिवसाला जी जी चित्रं लागतात, ती जांभूळवाडीतल्या तिच्या खोलीत, खिडकीखाली ठेवलेल्या मशिनीतून कापून निघतात. मशिन शिलाई मशिनीच्या झाकणाएवढी. आत तांदळाच्या कणीएवढं पातं. चिकट पाटीवर रंगीत कागद लावायचा, मोबाइलमधलं चित्र मशिनीकडे पाठवायचं, की पातं गुणगुणत फिरायला लागतं. मग चिमट्याने नको तेवढा कागद सोलून काढायचा. उरतं ते चित्र.

कापणं सोपं असतं, अवघड असतं ते शोधणं. मशिनीला रंग कळत नाही, चेहरा कळत नाही. तिला फक्त कडा कळते. मोबाइलवर दिसायला गोजिरवाणं असलेलं चित्र कडेला फाटकं असेल, तर पातं त्या फटीतून भरकटतं आणि मांजराचा कान शेपटीला जाऊन मिळतो. म्हणून कुसुम जेवणं उरकली की मोबाइल तोंडाजवळ धरते आणि सांगते, "निळी मांजर, फुगा हातात, फुकट." मोबाइल शंभर मांजरं दाखवतो. ती एकेक बोटाने सारत जाते. त्यात तिला कंटाळा येत नाही. आनंदही होत नाही. पाणी भरायला लावलेल्या नळाकडे माणूस जसं पाहत बसतं, तशी ती पाहत बसते.

कात्रजच्या डोंगराला टेकलेलं हे गाव आता शहरात गेलं. शेताच्या बांधावर इमारती उभ्या राहिल्या. कुसुमचा नवरा संपत दुधाच्या डेअरीत कामाला आहे. मुलगी अपेक्षा चिंचवडला दिली. मशिन तिनेच आणून दिली. "आई, नुसती बसून राहू नकोस," एवढंच म्हणाली. का बसून राहतेस, हे तिनं विचारलं नाही, कारण ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मुलगा सूरज गेला तो श्रावणातला शुक्रवार होता. सकाळी कुसुमने भिंतीवरच्या जिवतीच्या कागदाला हळदकुंकू वाहिलं, कापसाची वस्त्रमाळ घातली, पुरणाचा नैवेद्य दाखवला. सूरज कामावर निघून गेला होता, म्हणून रीतीप्रमाणे चारी दिशांना अक्षता टाकल्या. लेकरू जिथे असेल तिथे सुखी राहो, असं त्या वेळी म्हणायचं असतं. तेही ती म्हणाली. संध्याकाळी बायपासवरून फोन आला.

जिवतीचा कागद आषाढाच्या अवसेला भिंतीला लावतात आणि श्रावण सरताना, पिठोरीच्या अवसेला, हळदकुंकू वाहून उतरवतात. मग पाण्यात सोडतात. त्या वर्षी पिठोरीला घरात सुतक होतं. सुतकात देवाला हात लावत नाहीत. सुतक फिटलं तोवर अवस निघून गेली होती. अवस नसताना कागद काढावा की राहू द्यावा, हे कुसुमला कुणी सांगितलं नाही आणि तिनं कुणाला विचारलं नाही. एके दिवशी संपतने त्या जागी खिळा ठोकला आणि कागदावर कॅलेंडर टांगलं. तेव्हापासून दर जानेवारीला तो जुन्या कॅलेंडराच्या वरच नवं अडकवतो. जुनं काढत नाही. भिंतीवर वर्षांची जाड वही झाली आहे. पिठोरी दरसाल येते. कुसुमचा हात त्या भिंतीकडे जात नाही.

यंदा संक्रांतीनंतर कोथरूडच्या शेफालीचा फोन आला. ती कंपनीत काम करते आणि कुसुमची जुनी गिऱ्हाईक आहे. तिच्या शुभंकरचा चौथा वाढदिवस होता.

"काकू, टायगर पाहिजे. पण साधा नाही. त्याच्यावर माणूस बसलेला. कुठल्या गेममधला आहे तेच कळत नाहीये. मी शोधून शोधून थकले, तो प्रत्येकाला 'हा नाही' म्हणतो."

कुसुमने शोधलं. वाघावर बसलेली राजकन्या सापडली, वाघावर बसलेलं माकड सापडलं, गॉगल घातलेला वाघ सापडला. पाठवलेल्या प्रत्येक चित्रावर शेफालीचं उत्तर एकच येई, "नाही म्हणतोय." शेवटी शेफालीने लिहिलं, "जाऊ दे काकू, निळी मांजरच करा. रडेल थोडा."

कुसुमने फोन लावला. "त्याला द्या जरा."

फोनवर श्वास ऐकू आला. "हॅलो बोल," शुभंकर म्हणाला.

"वाघावर कोण बसलंय, बाळा?"

"बाबा."

"तुझे बाबा?"

"माझे बाबा कसे बसतील? ते ऑफिसला जातात. हा मिशीवाला बाबा. त्याच्याकडे चाबूक आहे."

"आणि शेजारी कोण हाय?"

"हत्तीवाला. आणि वर पोट फाडणारा लायन. आणि दोन आई आहेत. त्यांच्या अंगावर बाळं आहेत. खूप बाळं. पाळण्यात पण आहे."

कुसुमने फोन एका कानाचा दुसऱ्या कानाला लावला. खिडकीबाहेर डंपर गेला.

तिकडे शेफाली बोलायला लागली. "काकू, हे काय सांगतोय तो? पोट फाडणारा लायन? कोण दाखवतं याला असलं?"

"जिवती हाय ती, ताई. वाघावर बृहस्पती, हत्तीवर बुध. पोट फाडणारा नरसिंह. तुमच्या सासूबाई श्रावणात लावत असतील."

शेफाली हसायला लागली. "अहो, हो की. श्रावणात आम्ही बार्शीला होतो. हा त्या कागदासमोर मांडी घालून बसायचा, आम्हाला वाटायचं काय भक्तिभाव. आणि मी जपानी कार्टूनं धुंडाळतेय."

"त्यांच्याकडून फोटो मागवून घ्या."

"कुठला मिळायला? आईंनी पिठोरीला काढून सोडला असणार पाण्यात. त्यांचा एक दिवस इकडचा तिकडे होत नाही. तुम्हालाच कुठे मिळाला तर बघा ना."

"बघते," कुसुम म्हणाली. कॅलेंडर समोरच होतं. ती दुसरीकडे बघू लागली.

मोबाइलवर जिवतीचे कागद होते, पण सगळे इवलेसे. वाघ नखाएवढा. मोठा केला की तांदूळ सांडल्यासारखा फुटायचा, आणि मशिन त्या दाण्यांनाच कडा समजायची. एकदा कापून पाहिला. वाघ कसला, कुरतडलेली भाकरी निघाली.

दुसऱ्या दिवशी ती बसने कसबा पेठेत गेली. मकसूदभाईंच्या गल्लीतल्या दुकानातून ती स्टिकरचे कागद आणते. देवादिकांचे छापील कागदही त्यांच्याकडे येतात.

"जिवती? माघात?" मकसूदभाईंनी चष्मा वर केला. "कुसुमताई, सोबत दिवाळीचे आकाशकंदील पण बांधून देऊ का?"

"मागच्या सालातला एखादा राहिला असंल."

"जिवती कोण ठेवतं मागच्या सालची? आषाढात येते, आषाढात संपते. ज्यांच्या घरात लावली जाते, त्यांच्याकडे पण राहत नाही. पाण्यात जाते."

"समद्यांचीच जाते?"

"सगळ्यांचीच. कोण ठेवेल?" ते म्हणाले आणि पिवळ्या कागदाची गुंडाळी करू लागले.

घरी येऊन तिने भाकरी केल्या. भांडी घासली. मशिनीवरची धूळ पुसली. मग हात धुतले, पदराला पुसले, भिंतीसमोर स्टूल ठेवलं आणि सगळी कॅलेंडरं खिळ्यावरून एकदमच उतरवली. ओझं बरंच होतं. तिने ती खाटेवर ठेवली.

कागद होता. खिळा वरच्या पट्टीतून गेला होता, चित्रांना लागला नव्हता. चारी बाजूंनी भिंतीचा रंग विटला होता आणि मधला कागद मात्र कालच लावल्यासारखा तांबडा-निळा होता. त्या शुक्रवारचं कुंकू जिवतीच्या पायाशी सुकून काळपट झालं होतं. वस्त्रमाळ कॅलेंडराखाली दबून कागदाला चिकटली होती. कुसुम वाट पाहत उभी राहिली. काहीतरी होईल असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. काही झालं नाही. पाय थोडे दुखले.

तिने पातळ कागद वाघावर धरला आणि पेन्सिलीने कडा गिरवायला घेतली. भिंत गार होती. पाठ, शेपटी, पंजे. मग चाबूक, मग मिशा. कुठेही रेघ तुटू दिली नाही, कारण तुटलेल्या रेघेतून पातं भरकटतं. शेजारच्या पाळण्यातल्या बाळाला कोपर लागू नये म्हणून ती हात उचलून धरत होती.

संपत आला तेव्हा ती गिरवतच होती. त्याने खाटेवरची कॅलेंडरं पाहिली, भिंत पाहिली, चप्पल काढली.

"काय करायलीस?"

"वाघ पायजे होता."

"घावला का?"

"घावला."

तो मोरीकडे गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. आला तो चहाचं आधण ठेवून बसला. चहा त्यानेच केला, साखर जास्त पडली. दोघांनी तो प्याला.

वाघ कापला गेला. मोठा, पिवळा, वर मिशीवाला बृहस्पती. वाढदिवसाच्या संध्याकाळी शेफालीने शुभंकरचा आवाज पाठवला: "हाच. पण याची जीभ रेड पाहिजे होती." कुसुमने उठून कागदावर पाहिलं. पोराचं खरं होतं. तिने लाल कागद मशिनीला लावला आणि जीभ कापून ठेवली, कुरिअरने पाठवायला.

संपतने स्वयंपाकघराच्या दाराशेजारी नवा खिळा ठोकला. कॅलेंडरांच्या गठ्ठ्यातलं एकच, यंदाचं, तिथे टांगलं. बाकीची माळ्यावर टाकली.

"पिठोरी कधी हाय, बघा की," कुसुम मशिनीपाशी बसूनच म्हणाली.

तो पानं उलटत गेला. बोट ठेवून वाचायची त्याला सवय आहे.

"लांब हाय अजून."

"असू दे. त्यावर खूण करून ठेवा."

त्याने खिशातलं पेन काढलं. कुसुमने निळ्या मांजरीचा कागद पाटीवर लावला, हाताने सारखा केला आणि मशिन चालू केली.