सरदाराचं पान

परदेशात, हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेकीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी पुठ्ठ्याचं थडगं केलं होतं. त्यात मध्ययुगातला एक इंग्रज सरदार झोपला होता.

"हा कशाने गेला?" पुण्याहून आलेल्या आईने विचारलं.

"यादवी युद्धात. साधूंनी नुसतं धड पुरलं, मुंडकं सापडलंच नाही."

"म्हणजे भाऊबंदकीत गेला," म्हणत आईने पंचांग उघडलं. नेमकी दुसऱ्या दिवशी घातचतुर्दशी होती, शस्त्राने मेलेल्यांच्या श्राद्धाची तिथी. झालं! सकाळी कॉरिडॉरच्या कठड्यावर सरदाराचं पान मांडलं गेलं. कावळाही आला, पण शिवेना.

"प्रोजेक्ट पूर्ण करीन, लाह," लेकीने इथल्या बोलीत त्याला शब्द दिला. कावळा ढिम्म.

"भावाशी अबोला धरून गेला असेल बिचारा," आई माझ्याकडे बघत म्हणाली.

दादाशी मी दोन वर्षं बोललो नव्हतो. त्यात ऑफिसला उशीर होत होता.

"करतो दादाला फोन!" मी खेकसलो. कावळ्याने वडा उचलला.

मुकाट्याने फोन लावला. पहिल्याच रिंगला दादाने उचलला आणि विचारलं, "शिवला का रे कावळा?"